लालबावटा कलापथक : करी रोड-लालबागच्या चाळींनी डोक्यावर घेतलेला मराठीतला खरा 'इंडी बँड'

करी रोड स्टेशनच्या पुलावरून पश्चिमेला बघितलं की वर्ल्ड टॉवर्सच्या काचा चमकताना दिसतात. हे टॉवर जिथं उभे आहेत तिथं आधी श्रीनिवास मिल होती. पूर्वेला लालबागच्या दिशेने चालत गेलं की भारतमाता थिएटर लागतं, तेही गिरणीच्याच जागेवरचं. (स्टेशनच्या नावाचा जेवणातल्या करीशी काही संबंध नाही. बॉम्बे बरोडा रेल्वेचे १८६५ ते १८७५ या काळातले एजंट सी. करी यांच्यावरून रस्त्याचं नाव पडलं आणि तेच पुढे टिकलं.)

याच पट्ट्यात, म्हणजे करी रोड, लालबाग, परळ, डिलाईल रोड, नायगाव इथल्या चाळींच्या पटांगणांत १९४० च्या दशकात एक ग्रुप गायचा. मॅनेजर नाही, रेकॉर्ड कंपनी नाही, तिकीट नाही. एक डफ, एक ढोलकी, तुणतुणं, झांज आणि उघड्या गळ्याने म्हणायची गाणी. समोर हजारोंची गर्दी. पुढे सरकारने या ग्रुपवर बंदी घातली आणि तरीही गाणी थांबली नाहीत.

त्या ग्रुपचं नाव लालबावटा कलापथक. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर हे त्याचे तीन प्रमुख शाहीर.

इंडी बँड हा शब्द इथं गंमत म्हणून वापरलेला नाही. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या शेवटी जे बँड मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांना बाजूला ठेवून स्वतःच्या हिमतीवर गाणी काढू लागले, त्यांना इंडिपेंडंट म्हणून इंडी म्हटलं गेलं. त्यात मँचेस्टर शहर आघाडीवर होतं. मँचेस्टर म्हणजे कापडगिरण्यांचं शहर, आणि मुंबईला पूर्वेचं मँचेस्टर म्हणायची पद्धत होती. गिरण्यांच्या शहरात बाहेरून पोटासाठी आलेली माणसं, छोट्या खोल्या, पाळीचं काम आणि त्यातून तयार झालेलं स्वतःचं संगीत, हे दोन्हीकडे घडलं. मुंबईत ते तीसेक वर्षं आधी घडलं, एवढंच.

गिरणगावातच का?

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला मुंबईतली पहिली कापडगिरणी उभारायला घेतली. त्यानंतर गिरण्या वाढत गेल्या आणि ताडदेव, भायखळ्यापासून परळ, वरळी, दादरपर्यंतचा भाग गिरणगाव झाला. कामगार आले ते कोकणातून आणि घाटावरून, म्हणजे सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, अहमदनगरकडून. बहुतेक पुरुष एकटेच. बायको-पोरं गावाला, आपण एका खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर, जेवण खानावळीत. एक पाळी कामावर गेली की दुसऱ्या पाळीवाले त्याच जागेवर झोपणार.

हे सगळे येताना आपली गाणी घेऊन आले. कोकणातल्यांचं नमन आणि शक्ती-तुरा, घाटावरच्यांचा तमाशा, पोवाडा आणि भजन, दलित वस्त्यांतले जलसे. गणपतीत, सत्यनारायणाला, यात्रेच्या वर्गणीसाठी कार्यक्रम व्हायचेच. परळला सोशल सर्व्हिस लीगचा दामोदर हॉल १९२२ पासून होता आणि तिथं कामगार स्वतः नाटकं बसवायचे. थोडक्यात, ऐकणारे तयार होते.

राजकारणही तयार होतं. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत सहा महिन्यांचा संप झाला आणि त्याच वर्षी गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. तिचा झेंडा लाल, म्हणून लोक तिला 'लाल बावटा' म्हणायचे. परळच्या दळवी बिल्डिंगमधून युनियनचं काम चालायचं. कलापथकाच्या नावात लाल बावटा आला तो इथून. हा गट कम्युनिस्ट पक्षाच्या सांस्कृतिक आघाडीचा भाग होता, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण त्यांच्या गाण्यांची ताकद आणि त्यांच्यावरची संकटं, दोन्ही त्यातूनच आली.

तिघे कोण होते?

अण्णाभाऊ साठे यांचं मूळ नाव तुकाराम. जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाटेगावचा, आजच्या सांगली जिल्ह्यातला. मातंग समाजात जन्म, शाळा जवळपास नाहीच. वडिलांबरोबर चालत चालत मुंबईला आले. वाटेत मिळेल ते काम केलं. मुंबईत हमाली केली, कोळसे वेचले, फेरीवाल्याच्या मागे गाठोडी वाहिली, गिरणीत काम केलं. वाचायला ते दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टर बघत शिकले. माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये कम्युनिस्ट कार्यकर्त्यांशी ओळख झाली आणि तिथंच पहिलं गाणं लिहिलं. विषय काय, तर कॅम्पातले डास. शाहिरीची सुरुवात मच्छरांपासून झालेला दुसरा मोठा लेखक सापडणं अवघड आहे.

अमर शेख यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६, बार्शी, सोलापूर जिल्हा. आई मुनेरबी जात्यावरच्या ओव्या आणि लोकगीतं म्हणायच्या, गळा तिथून आला. मोटारीवर क्लीनर म्हणून काम केलं, मग बार्शीच्या गिरणीत. तिथल्या संपात पुढे होते म्हणून तुरुंगात गेले. पुढे कोल्हापूरला मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत काही काळ होते आणि मग मुंबईला आले. माइक बंद पडला तरी सभा थांबणार नाही, असा त्यांचा आवाज.

द. ना. गव्हाणकर हे तिसरे. दत्ता गव्हाणकर म्हणूनही ओळखले जायचे. स्वतः लिहिणारे आणि गाणारे शाहीर, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या रचना भरपूर गाजल्या. आज तिघांत सर्वांत कमी नाव त्यांचंच घेतलं जातं. बँडमध्ये असा एक जण असतोच, ज्याचा फोटो पोस्टरवर मागच्या ओळीत येतो.

एक मातंग, एक मुसलमान, आणि तिघंही कष्टकऱ्यांचे शाहीर. त्या काळच्या कुठल्याही मंचावर ही जोडणी सहज दिसणारी नव्हती. १९४४ मध्ये हे तिघं लालबावटा कलापथक म्हणून एकत्र आले.

त्याआधीच अण्णाभाऊंचा एक पोवाडा गाजला होता. दुसरं महायुद्ध चालू असताना स्टालिनग्राडच्या लढाईवर त्यांनी १९४३ मध्ये पोवाडा लिहिला. शिवाजी महाराजांच्या लढाया सांगणारा मराठी पोवाडा थेट व्होल्गाच्या काठावर गेला. गिरणीतल्या माणसाला ते परकं वाटलं नाही, कारण सांगण्याची पद्धत त्याच्या ओळखीची होती. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावरही त्यांनी पोवाडा लिहिला.

कार्यक्रम कसा चालायचा?

पोवाड्याचं तंत्र साधं आहे. मुख्य शाहीर उभा राहून एक प्रसंग सांगतो, अर्धा गाऊन, अर्धा बोलून. मागे झीलकरी असतात. शाहिराने ओळ टाकली की ते शेवटचा तुकडा उचलतात, वर नेतात आणि 'जी जी रं जी' करत सोडतात. तेवढ्यात शाहीर दम घेतो आणि लोकांच्या चेहऱ्याकडे बघतो. कुठं गर्दी ढिली पडली, कुठं पेटली, हे त्याला त्या दोन क्षणांत कळतं. मग पुढची कडी लांबवायची की आखडती घ्यायची हे तो ठरवतो. म्हणून तोच पोवाडा करी रोडला वेगळा वाटणार आणि वरळीला वेगळा.

पण कलापथकाने खरा बदल केला तो तमाशात.

पारंपरिक तमाशाची रचना ठरलेली. आधी गण म्हणजे गणपतीची आराधना, मग गौळण म्हणजे कृष्ण आणि गवळणींची थट्टा, मग बतावणी, लावण्या आणि शेवटी वग म्हणजे मुख्य कथा. अण्णाभाऊंनी साचा ठेवला आणि आतला माल बदलला. गणात गणपतीऐवजी मातृभूमी, शिवाजी महाराज आणि हुतात्मे यांना वंदन आलं. कृष्णाची गौळण गेली. नाचणाऱ्या बाईवर उभा राहणारा भाग गेला. वगात राजा-प्रधान असायचे, तिथं सावकार, गिरणीमालक, पुढारी आणि भाडं थकलेला भाडेकरू आले. राहिला तो सोंगाड्या, कारण त्याच्याशिवाय चालणारच नव्हतं. पोलिसासमोर पोलिसाची आणि मालकासमोर मालकाची टिंगल करायची मुभा फक्त त्याला होती.

त्यांच्या वगांची नावं वाचली तरी विषय कळतो. 'अकलेची गोष्ट', 'शेटजीचे इलेक्शन', 'देशभक्त घोटाळे', 'मूक मिरवणूक', 'पुढारी मिळाला', 'लोकमंत्र्यांचा दौरा'. शेवटची दोन तर आज जशीच्या तशी रीलला टायटल म्हणून खपतील. याच प्रकाराला पुढे लोकनाट्य हे नाव रुळलं.

'मुंबईची लावणी' हे आणखी एक उदाहरण. पठ्ठे बापूराव यांनी आधी मुंबईवर लावणी लिहिली होती, त्यात शहराच्या वैभवाचं कौतुक होतं. अण्णाभाऊंनी तोच विषय घेतला आणि नजर उलटी केली. मलबार हिलवर कुबेराची वस्ती आणि परळमध्ये रात्रंदिवस राबणारी माणसं, असा सरळ हिशेब मांडला. ज्या परळचं नाव गाण्यात येतं त्याच परळमध्ये उभं राहून ते ऐकणाऱ्यांना कसं वाटत असेल, याचा अंदाज करता येतो.

पैसा कुठून यायचा? बहुतेक झोळीतून. कार्यक्रम संपला की कापड पसरायचं. संप असेल तर तो पैसा संपफंडात जायचा. अमर शेख यांची तर ख्यातीच होती की ते गाऊ लागले की लोक खिसा रिकामा करतात. स्वतःच्या घरी मात्र तिघांकडेही फार काही राहिलं नाही.

मे १९४३ मध्ये मुंबईतच 'इप्टा' म्हणजे इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन स्थापन झाली होती. बलराज साहनींसारखी हिंदी सिनेमातली मंडळी तिच्यात होती. १९४९ मध्ये याच संस्थेचं अध्यक्षपद अण्णाभाऊंकडे आलं. शाळेत न गेलेला लेबर कॅम्पचा शाहीर, आणि मागे देशभरातले नट, कवी, दिग्दर्शक. हे पद मानाचं होतं, पण ज्या वर्षी ते आलं ते वर्ष वाईट होतं.

बंदी

१९४८ मध्ये कम्युनिस्ट पक्षाने उठावाची भाषा सुरू केली आणि सरकारने धरपकड सुरू केली. मुंबई राज्याचे गृहमंत्री होते मोरारजी देसाई. लालबावटा कलापथकावर बंदी आली. कार्यकर्ते भूमिगत झाले, कार्यक्रम रोखले जाऊ लागले. शिवाय १८७६ चा इंग्रजांचा नाट्यप्रयोग कायदा होताच. राजद्रोही नाटकं थांबवण्यासाठी इंग्रजांनी केलेला हा कायदा स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं पुस्तकात राहिला. ज्या इंग्रजांविरुद्ध ही मंडळी गायली, त्यांचाच कायदा आपल्या सरकारच्या हातात होता, ही गोष्ट या शाहिरांना बोचली नसती तर नवल.

बंदीचा एक परिणाम उलटा झाला. वग बसवायला पात्रं, जागा, तयारी लागते. गाण्याला फक्त गळा लागतो. पूर्ण कार्यक्रम अडवता येतो, पण पाळी सुटल्यावर चाळीच्या जिन्यात कोणी गुणगुणत असेल तर त्याला अडवणार कसं? कलापथकाची गाणी कामगारांनीच तोंडी पसरवली. ज्याला आज आपण व्हायरल म्हणतो ते हेच, फक्त फॉरवर्डचं बटण नव्हतं.

मैना

१९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला आणि मुंबईसह मराठी राज्य मिळणार नाही हे दिसलं. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला मोर्चावर गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित होणार अशी घोषणा झाली आणि शहर पुन्हा पेटलं. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी, आचार्य अत्रे, कॉम्रेड डांगे, प्रबोधनकार ठाकरे असे एकमेकांशी न पटणारे लोक एका मंचावर आले. आणि त्या मंचावर नेत्यांच्या भाषणाआधी शाहीर उभे राहू लागले. चळवळीत १०५ हून अधिक जणांचे प्राण गेले. त्यांत गिरणगावातली माणसं मोठ्या संख्येने होती.

या काळात अण्णाभाऊंनी 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड लिहिली. छक्कड म्हणजे तमाशातला, लावणीच्या जवळचा गाण्याचा प्रकार. वरवर ही विरहाची कथा आहे. गावातला एक तरुण पोटासाठी मुंबईला येतो आणि त्याची बायको गावाला राहते. तिचं रूप, निघतानाची तिची अवस्था, मग मुंबईतली त्याची फरफट. गिरणगावातल्या प्रत्येक खोलीत असा माणूस होता. त्याला हे गाणं चळवळीचं वाटायच्या आधी स्वतःचं वाटलं.

मग गाणं वळतं. त्या मैनेची आणि त्याची जशी ताटातूट झाली तशीच महाराष्ट्राची झाली आहे, बेळगाव, कारवार, निपाणी, गोव्यासारखा मराठी मुलूख बाहेर राहिला आहे, असं ते सांगतं. भाषावार प्रांतरचना हा तसा कोरडा विषय. आयोग, अहवाल, द्विभाषिक असे शब्द. अण्णाभाऊंनी तो बायकोपासून लांब राहणाऱ्या माणसाच्या दुःखात बसवला आणि पत्र्याच्या खोलीतल्या माणसाला राज्य पुनर्रचना कळली. कलापथकाने केलेल्या कामांपैकी हे सर्वांत मोठं, असं म्हणायला हरकत नाही.

शब्द अण्णाभाऊंचे आणि गाजवलं अमर शेख यांच्या आवाजाने. पुढे विठ्ठल उमप यांच्यासह अनेकांनी ते गायलं, त्यामुळे आज शोधलं तर वेगवेगळ्या आवाजांत सापडतं.

१ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. मुंबई मिळाली. बेळगाव, कारवार, निपाणी राहिलं.

वाटा वेगळ्या, शेवट जवळजवळ एकत्र

तोपर्यंत एकत्र गट म्हणून कलापथक फारसं उरलं नव्हतं. अमर शेख यांनी स्वतःच्या नावाचं कलापथक उभं केलं होतं. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे कवितासंग्रह आले, आचार्य अत्रे यांच्या 'महात्मा फुले' या सिनेमात ते दिसले. अण्णाभाऊ कादंबरीकडे वळले. २ मार्च १९५८ ला मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं, त्याचं उद्घाटन त्यांनी केलं आणि पृथ्वी शेषनागाच्या नव्हे तर कष्टकऱ्यांच्या तळहातावर उभी आहे, असा विचार मांडला. 'फकिरा' १९५९ ला आली, १९६१ मध्ये तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले आणि त्यावर प्रवासवर्णन लिहिलं.

पुरस्कार मिळाला, पुस्तकं खपली, त्यांच्या कथांवर सिनेमे निघाले. राहायला मात्र कितीतरी वर्षं घाटकोपरच्या चिरागनगरची झोपडी.

१९६९ चा पावसाळा या सगळ्या पिढीला जड गेला. १३ जूनला आचार्य अत्रे गेले. १८ जुलैला अण्णाभाऊ गेले, वय ४८, हाल्यात आणि एकटेपणात. २९ ऑगस्टला अमर शेख मोटार अपघातात गेले, वय ५२. अण्णाभाऊ आणि अमर शेख यांच्यात अंतर फक्त ४२ दिवसांचं.

अमर शेख यांच्या कन्या मलिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मकथन त्या घराची आणि त्या काळाची आतली बाजू बघायला उपयोगी पडतं. चळवळीतल्या मोठ्या पुरुषांच्या घरात बायकांच्या वाट्याला काय आलं, हेही ते मुलाहिजा न ठेवता सांगतं.

गिरणगावही झपाट्याने बदलत होतं. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली होती. ५ जून १९७० ला परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा लालबागमध्ये खून झाला आणि त्यानंतरची पोटनिवडणूक शिवसेनेचे वामनराव महाडिक जिंकले. ज्या पटांगणांत लाल बावटा होता तिथं भगवा आला. मग १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यातून गिरणगाव परत उभं राहिलंच नाही. योगायोग असा की त्याच १९८२ मध्ये मँचेस्टरमध्ये 'द स्मिथ्स' हा ब्रिटिश इंडी पॉपचा सर्वांत गाजलेला बँड जमला. पाच वर्षांत चार अल्बम काढून तो १९८७ मध्ये फुटला, पण रेकॉर्ड राहिल्या. मँचेस्टरने आपल्या बँडवर म्युझियममध्ये प्रदर्शनं भरवली, सिनेमे काढले, पर्यटकांच्या टूर सुरू केल्या. करी रोडला अशी टूर नाही.

परंपरा तुटली असं मात्र नाही. संभाजी भगत आणि विलास घोगरे यांचं आव्हान नाट्य मंच, नंतर पुण्यातून आलेला कबीर कला मंच, हे डफ हातात घेऊन त्याच वाटेने गेले. आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' या माहितीपटात त्यांतले काही आवाज ऐकता येतात. त्यांनाही पोलीस आणि खटले चुकले नाहीत.

आज कोणाचा शाहीर?

१ ऑगस्टला स्टेटसवर अण्णाभाऊ असतात. अमर शेख यांची जयंती बहुतेकांना माहीत नसते. गव्हाणकर यांचा फोटोही पटकन सापडत नाही. जातीच्या आणि धर्माच्या खणात शाहीर वाटून घ्यायची सवय लागली की असंच होणार, कारण हे कलापथक कुठल्याच एका खणात बसत नाही. अण्णाभाऊंना सगळे पक्ष हार घालतात. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोच्या रुडोमिनो ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला, अनावरण तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी केलं. स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिणारा माणूस पुतळ्याच्या रूपाने पुन्हा रशियात पोहोचला, भाजपच्या नेत्याच्या हस्ते. अण्णाभाऊंच्या वगातल्या सोंगाड्याला या प्रसंगावर बरंच काही सुचलं असतं.

मुंबई विद्यापीठात शाहीर अमर शेख यांच्या नावाचं अध्यासन आहे. भायखळ्याला राणीच्या बागेजवळ अण्णाभाऊंच्या नावाचं नाट्यगृह आहे. आणि 'मैना'मधल्या सीमाभागाचा दावा महाराष्ट्राने २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात दाखल केला.

गाणी मुळातून वाचायची असतील तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलेलं 'लोकशाहीर अण्णा भाऊ साठे निवडक वाङ्मय' शोधा. त्यात पोवाडे, लावण्या आणि वगही आहेत. वाचताना एक करा, मनात वाचू नका. झील कुठं पडते ते मोठ्याने म्हटल्याशिवाय कळत नाही.